दहा किलोचा पडदा आणि फणसाचं मेज

चतुर्थीला माटोळी बांधणाऱ्या माणसाला वजनाचा अंदाज शिकवावा लागत नाही. नारळ किती, केळ्यांचे घड किती, सुपारीची शिपटी कुठल्या कोपऱ्यात, तोरिंजन मध्ये बांधलं तर चौकट झुकेल का, हे सगळं तो हाताने उचलूनच ठरवतो. वर वाशाला दोरी कुठे घ्यायची हेही त्याला ठाऊक असतं. मी कला शाखेचा पदवीधर, नोकरी सरकारी कारकुनाची. तरीही गेल्या वर्षी दोनेक महिने मी एका लोखंडी हाताच्या मागे लागलो होतो आणि त्या काळात पदार्थविज्ञानापेक्षा माटोळीनेच मला जास्त मदत केली.

लोखंडी हात म्हणजे मॉनिटर आर्म. टेबलाच्या कडेला किंवा टेबलाला भोक पाडून घट्ट बसवायचा, त्याच्या टोकाला संगणकाचा पडदा लावायचा. मग पडदा पुढे ओढता येतो, बाजूला फिरवता येतो, वर-खाली करता येतो. ज्यांच्याकडे नेहमीचा मॉनिटर आहे त्यांनी या विषयावर डोकं शिणवण्याचं कारण नाही. आजचा २४ किंवा २७ इंची मॉनिटर पाय काढल्यावर चार-सहा किलोंचा असतो. बाजारातला कुठलाही बरा हात तो सहज पेलतो. माझी अडचण वेगळी होती. पुण्याला असलेल्या भाच्याने नवीन यंत्र घेतलं आणि जुनं मला दिलं. २०१९ सालचा २७ इंची आयमॅक. पडदा आणि संगणक एकाच अंगात. वजन ९.४४ किलो.

तुम्ही म्हणाल, पायावर उभं आहे ना ते यंत्र, मग राहू दे की उभं. राहिलं असतं. पण ते यंत्र मला एकट्याला वापरायचं नव्हतं.

आमच्या वडिलांच्या चौदा वह्या घरात आहेत. गावच्या जत्रेला आणि काल्याला होणाऱ्या नाटकांच्या. वडील प्रॉम्प्टर होते, आणि गोव्यातल्या गावात प्रॉम्प्टर म्हणजे अर्धा दिग्दर्शक हे तुम्हा वाचकांना सांगायला नको. छापील संहिता घ्यायची, आपल्या नटमंडळींच्या कुवतीनुसार कापायची, कोणाचं पद वाढवायचं, कोणाचं स्वगत निम्मं करायचं, आणि मग सगळं स्वच्छ अक्षरात वहीत उतरवायचं. पुढल्या वर्षी त्याच वहीत लाल शाईने नव्या दुरुस्त्या. आमच्याकडची हवा तुम्हाला माहीत आहे. चार महिने कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे कागदाची काय कथा? निळी शाई पसरली, लाल शाई फिकटली, कडा कसरीने खाल्ल्या. म्हणून मी त्या वह्या टंकून घ्यायला बसलो.

वडील आता नाहीत. तालमी आमच्या घरच्या सोप्यावर व्हायच्या आणि त्या सगळ्या आईने स्वयंपाकघराच्या दारातून ऐकल्या आहेत. जिथे अक्षर गेलं तिथे आईचे कान आहेत. फक्त तिचे डोळे राहिले नाहीत. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत गेला. अशा माणसाला कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. समोरचा चेहरा धुरकट आणि त्यामागचं जनेल स्पष्ट. चष्म्याचा नंबर बदलून यावर इलाज होत नाही. अक्षर खूप मोठं करणं, काळ्यावर पांढरं करणं आणि ते डोळ्यांजवळ आणणं, एवढंच हातात असतं.

टॅबलेट का नाही, हे मला तीन जणांनी विचारलं. करून पाहिलं. तिला लागतं तेवढं अक्षर केलं की दहा इंची पडद्यावर ओळीत दोन शब्द मावतात. तिसरा शब्द येईपर्यंत पहिला हरवतो. नाटकाचं वाक्य असं तुकड्या-तुकड्यांनी वाचता येत नाही. त्याला एक ओघ असतो, क्रियापद शेवटी येऊन पडतं तेव्हा कुठे टाळी पडते. २७ इंची पडद्यावर मात्र त्याच आकारात सहा-सात शब्दांची ओळ बसते. शिवाय या पडद्यावर ५१२० बाय २८८० ठिपके आहेत. एवढ्या बारीक ठिपक्यांवर आपली जोडाक्षरं कोरल्यासारखी दिसतात. रफार कुठे, अनुस्वार कुठे, पोटफोड्या ष की श, हे मोठं केल्यावर फाटत नाही. ऑफिसात वर्षानुवर्षं जुन्या डबा मॉनिटरवर मराठी अक्षरं पाहिलेल्या माणसाला याची किंमत कळते.

आई मेजाशी ताठ बसू शकत नाही. ती बसते व्होल्तेरवर, वडिलांच्याच. हात लांब, पाठ मागे कललेली. तिथे तिचे डोळे माझ्या डोळ्यांपेक्षा चांगली वीतभर खाली येतात. म्हणजे मला हवं होतं ते असं: मी टंकायला बसलो की पडदा माझ्यासमोर. वाचून दाखवायची, तपासायची वेळ आली की तोच पडदा मेजाच्या कडेबाहेर यावा, डावीकडे फिरावा, वीतभर खाली जावा आणि तिच्या तोंडापासून फूटभर अंतरावर थांबावा. थांबावा हे महत्त्वाचं. आईच्या मांडीवर साडेनऊ किलोचं यंत्र उतरता कामा नये. एरवी स्वस्तात काम होतं का बघणारा मी, या एका गोष्टीमुळे सावध झालो.

आता या हाताचं मर्म काय ते सांगतो, कारण दुकानात ते कोणी सांगत नाही. आपल्याकडे विहिरीवर लाट असायची. एका टोकाला पाण्याचं भांडं, दुसऱ्या टोकाला दगड बांधलेला. भरलेलं भांडं वर यायला जोर लागू नये म्हणून मागचा दगड. मॉनिटर आर्ममध्ये त्या दगडाचं काम स्प्रिंग करते. पण स्प्रिंगची एक खोड आहे. दगड कुठल्याही उंचीवर तेवढाच जड, स्प्रिंग मात्र जितकी ताणावी तितकी जास्त ओढते. मग पडदा कुठल्याही उंचीवर सोडला तरी तिथेच राहावा हे कसं जमवायचं? इंग्लंडात बाथ इथे मोटारगाड्यांच्या स्प्रिंगांचं काम करणाऱ्या जॉर्ज कारवर्डाइन या इंजिनिअरने १९३२ साली हे कोडं सोडवलं. स्प्रिंग अशा कोनात आणि सांध्यांची चौकट अशा मापाची, की एकाचं वाढणं दुसऱ्याच्या घटण्याने फिटतं. त्यातून अँगलपॉइज नावाचा टेबलदिवा आला. पुढे नॉर्वेच्या जेकब जेकबसेन यांनी १९३७ साली लक्सो एल-वन हा दिवा काढला. पिक्सारच्या चित्रपटाच्या सुरुवातीला उड्या मारत येणारा दिवा पाहिलाय ना? तो त्याच घराण्यातला. आपल्या पडद्याचा हातही त्याच वंशातला, फक्त दिव्याऐवजी दहा किलो पेलणारा.

हल्ली पुष्कळ हातांत पोलादी स्प्रिंगऐवजी वायूचा दट्ट्या असतो, गाडीची डिकी वर धरून ठेवतो तसा. चालतो छान, मऊ चालतो. पण गाडी जुनी झाली की डिकी डोक्यावर येते हेही आपण पाहिलेलं असतं. वायू हळूहळू निसटतो. दोन्ही प्रकारांत एक स्क्रू असतो, एलन की घालून जोर कमी-जास्त करायचा. तो स्क्रू शेवटपर्यंत फिरवूनच पडदा जेमतेम राहत असेल तर तो हात आपल्या वजनाचा नाही असं खुशाल समजावं.

खोक्यावर वजनाची मर्यादा लिहिलेली असते. स्वस्तातल्या पुष्कळ हातांवर २ ते ९ किलो. बरेच जण वरचा आकडा पाहतात, खालचा पाहत नाहीत. खालचाही तितकाच महत्त्वाचा. भक्कम हाताला हलका पडदा लावला तर तो वर उडून बसतो. एर्गोट्रॉनच्या एलएक्स हाताची मर्यादा ११.३ किलोपर्यंत आणि त्याच कंपनीच्या एचएक्सची ९.१ ते १९.१ किलो. म्हणजे नेहमीचा मॉनिटर एचएक्सला लावून उपयोग नाही. माझ्या यंत्रासाठी मात्र तो आकडा अचूक होता, कारण यंत्राच्या ९.४४ किलोंत अजून अडॅप्टरचं वजन मिळवायचं होतं.

अडॅप्टर का, तर तेही ऐका. मॉनिटरच्या पाठीवर चार भोकं असतात, चौरसाच्या चार कोपऱ्यांवर. ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतर, आत चार मिलिमीटरचे स्क्रू. याला व्हेसाचं माप म्हणतात. हे माप जगभर एकच असल्यामुळे कुठलाही पडदा कुठल्याही हाताला लागतो. (आपल्याकडे दोन प्लंबरांची मापं एकमेकांना जुळत नाहीत, आणि हे जगभरच्या कंपन्यांनी जुळवलं, याचं मला अजून नवल वाटतं.) माझ्या आयमॅकला ही भोकं नाहीत. ती हवी असली तर यंत्र घेतानाच बिनपायाचं, व्हेसावालं मागवायला लागायचं. पायावालं घेतलं की पाय कायमचा. तो आतून जखडलेला, आणि पडदा डिंकपट्टीने चिकटवलेला. पाय काढायचा तर पडदा उचकटायला हवा. भेट मिळालेल्या यंत्रावर असला प्रयोग मी करणार नव्हतो. दुसरा मार्ग म्हणजे त्या पायालाच मागून-पुढून पकडणारी लोखंडी पट्टी मिळते, तिला मागे व्हेसाची भोकं असतात. यंत्र आपल्या पायासकट हवेत लटकतं. दिसायला विचित्र, पण काम होतं.

यात एक मेख आहे आणि ती कुठल्याही जाहिरातीत नाही. पाय मध्ये आल्यामुळे पडदा हाताच्या टोकापासून वीतभर पुढे जातो. तेच वजन, पण लांबून धरलेलं. भरलेली कळशी कमरेवर घेतली आणि हात लांब करून धरली, तर फरक कोणाला सांगायला नको. त्यामुळे हाताच्या मनगटाच्या सांध्यावर ताण येतो आणि पडदा मान टाकतो. पुढच्या दारातून आत आलेला प्रत्येक जण मग जमिनीकडे बघणारा पडदा पाहून विचारतो, याला झोप आली काय? म्हणून खोक्यावरच्या आकड्याला मी मनातल्या मनात तीस टक्के कात्री लावली. दहा-साडेदहा किलोंसाठी निदान पंधराची मर्यादा हवी. हे माझं गणित, इंजिनिअरचं नव्हे.

पाय लटकता राहण्याची आणखी एक गोष्ट. मेजावर असताना पडदा मूळच्या उंचीपेक्षा खाली येऊच शकत नाही, पाय टेकतो. या यंत्राची उंची ५१.६ सेंटिमीटर, आणि चाळिशीचा चष्मा लावणाऱ्या माणसाला ती जास्तच होते. आपण चष्म्याच्या खालच्या भागातून वाचतो, पडदा उंच असला की हनुवटी वर जाते आणि संध्याकाळपर्यंत मान धरते. पडदा खाली येत नाही म्हटल्यावर मी कदेल वर केली आणि पायाखाली जेवणाचा पाट घेतला. आईच्या बाजूला मात्र पडदा मेजाच्या कडेबाहेर जातो, तिथे पायाला टेकायला काही नाही, त्यामुळे हवा तेवढा खाली येतो.

हात नवा घ्यायचा तर भक्कम वर्गातल्यांची किंमत पाच आकड्यांत जाते. ओळखीच्या एकाच्या ऑफिसातलं सामान विकायला निघालं होतं, त्यात एचएक्स मिळाला, वापरलेला. वापरलेल्या हाताची परीक्षा कशी घ्यायची? मी प्लायवूडचा एक चौकोन व्हेसाच्या चार भोकांवर बसवला, त्यातून वीतभर पुढे एक पट्टी काढली आणि तिला उकड्या तांदळाची दहा किलोंची पिशवी बांधली. वर एक किलो साखर. भिंतीवर पेन्सिलने खूण केली आणि आठ दिवस तसंच सोडलं. बायकोने त्या आठ दिवसांत तांदूळ काढायला दोनदा पिशवी मागितली, मी दिली नाही. खूण हलली नाही. त्याआधी एका मित्राकडचा, खोक्यावर ९ किलो लिहिलेला हात असाच नऊ किलोंवर तपासला होता. तो एका रात्रीत चार बोटं खाली आला. मित्राने त्यावर त्याचा हलका मॉनिटर लावला आहे आणि त्याचं उत्तम चाललं आहे.

राहिला प्रश्न हात रोवायचा कुठे. पहिला विचार भिंतीचा. पण आमचं घर चिऱ्यांचं. चिरा दिसायला दगड, आतून जाळीदार. त्यात ड्रिल सहज जातं आणि तितक्याच सहज खिळा बाहेरही येतो. घड्याळ, फोटो ठीक. पुढे ओढला जाणारा, डावी-उजवीकडे फिरणारा भार अशा भिंतीवर टाकणं मला पटलं नाही. सिमेंटचा खांब असलेल्या फ्लॅटवाल्यांनी खुशाल भिंतीला लावावा.

म्हणून मेज. वडिलांचं, फणसाच्या लाकडाचं, ज्यावर त्या वह्या लिहिल्या गेल्या ते. आजकालच्या भुशाच्या फळ्यांच्या टेबलापेक्षा ते लाख पटींनी बरं. भुशाची फळी आमच्या पावसात फुगते, आणि शिकंज्याखाली दबून खड्डा पडतो. कारण हिशेब करा. यंत्र, अडॅप्टर आणि हाताचा पुढचा भाग धरून अकरा किलो, पूर्ण ताणला की बुंध्यापासून पंचावन्न सेंटिमीटरवर. बुंध्याची बैठक अकरा सेंटिमीटर लांब. पंचावन्नला अकराने भागलं की पाच. अकरा किलोंच्या पाचपट, म्हणजे पंचावन्न किलोंचा जोर बैठकीच्या मागच्या टोकाला वर उचलू पाहतो. सिमेंटच्या पोत्याहून जास्त. हा जोर रोज, फिरत्या दिशेने. तागडीचं तत्त्व शाळेत शिकलो ते असं उपयोगी पडलं.

फणसाच्या मेजाची अडचण एवढीच की कडेखाली आडवी पट्टी आहे आणि तिला लागून खण. शिकंज्याला पकडायला खाली जागा नाही. मेस्त आला, त्याने वाकून पाहिलं आणि सांगितलं, कडेला धरणार नाही, मधून बुराक मारून बोल्ट घालायला हवा. पण स्वतःच पुढे म्हणाला, "पूण बाब, असल्या मेजाक बुराक मारपाक म्हजो हात जायना." माझाही जात नव्हता. त्या मेजावर शाईचे डाग आहेत, दिव्याच्या चिमणीने पडलेलं एक वर्तुळ आहे. वेगळा लोखंडी खांब जमिनीत रोवायचा, मेजाच्या मागे जाड फळी उभी करायची, असे दोन-तीन पर्याय आम्ही काढले. खांबाला जमिनीचे जुने लाद्ये फोडावे लागले असते. फळी डुगडुगली असती.

आई व्होल्तेरवरून सगळं ऐकत होती. तिने विचारलं, "बुराक केदो?" मी म्हटलं, करंगळीएवढा. "मार मरे," ती म्हणाली, "तुज्या बाबान त्या खणाक कुलूप लावपाक दोन मारिल्ले, ते पळय." खणाच्या आत बोट घालून पाहिलं. दोन भोकं खरंच होती, आणि ती मेस्ताने पाडलेली नक्कीच नव्हती, इतकी वाकडी.

मग मेस्ताने दहा मिलिमीटरचं भोक पाडलं. खालून सहा मिलिमीटर जाड लोखंडी पत्रा, तळहातापेक्षा थोडा मोठा, म्हणजे जोर एका ठिकाणी न येता पसरतो. वर बैठकीखाली रबराचा तुकडा. भोकाच्या आतल्या कच्च्या लाकडाला त्याने वॉर्निश लावलं, ओल शिरू नये म्हणून. हे मला सुचलं नसतं. नट घट्ट केल्यावर त्याने हात पूर्ण ताणून टोकाला स्वतः लोंबकळून पाहायची तयारी दाखवली, ती मी नाकारली.

यंत्र चढवताना दोघं जण लागतात. एकाने धरायचं, दुसऱ्याने चार स्क्रू. उतरवताना जास्त जपायचं. वजन निघाल्याबरोबर मोकळा हात झटक्याने वर येतो आणि हनुवटी फोडू शकतो. आधी हात अगदी वरच्या टोकाला न्यावा, मगच यंत्र सोडवावं. विजेची वायर हाताच्या लांबीपेक्षा हातभर जास्त ठेवावी, नाहीतर पडदा फिरवताना ती ओढली जाते. पावसाळ्यानंतर एकदा सगळे स्क्रू तपासतो. समुद्र आमच्यापासून लांब नाही, दोन स्क्रूंवर तांबेरा आलाच, ते बदलले.

आता रोज संध्याकाळी दिवाबत्तीनंतर पडदा आईकडे जातो. काळ्यावर पांढरी अक्षरं. ती मान जराशी वाकडी करून डोळ्याच्या कडेने वाचते आणि ओठ हलवते. साडेदहा वह्या झाल्या. परवा अकराव्या वहीत राजाच्या तोंडचं एक लांबलचक वाक्य होतं, अर्धं शाईने गेलेलं. मी अंदाजाने भरलं होतं. तिने ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "हें तुज्या बाबाचें न्हय. राजाक इतलो स्वास पुरचो ना. हांगा थांबतालो, मागीर तबलो, आनी उपरांत उरिल्लें." तबल्यासाठी तिथे काय लिहायचं ते मी विचारलं. तिला ते शब्दांत सांगता येईना, म्हणून तिने व्होल्तेरच्या हातावर वाजवून दाखवलं, आणि मी कंसात फक्त "तबला" लिहून ओळ तिथे तोडली.